फाइल सर्व्हरवर स्नॅपशॉटसाठी जागा किती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत टूल डिझाइनचं ऑफिस, चाळीसेक माणसं. जुन्या विंडोज सर्व्हरवर 9 टीबी डेटा, वर्षाला साधारण 2 टीबीची भर. रोजचा इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेल्या फाइलींचा) 70 जीबीच्या आसपास येतो. नवा सर्व्हर ट्रूनॅसवर (झेडएफएस या फाइल सिस्टीमवर चालणारी स्टोरेज प्रणाली) घ्यायचा आहे, 4 टीबीच्या 8 डिस्क, रेडझेड2 (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचेल अशी मांडणी). तासाचा, रोजचा आणि आठवड्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची गोठवलेली प्रत) हवा, तीन महिने मागे जाता आलं पाहिजे, आणि खोकं तीन वर्षं चालावं. विकणारा म्हणतो, 20 टक्के जागा स्नॅपशॉटला सोडा. पुरतील का?

आधी निकाल सांगतो, हिशोब मागून. या आकड्यांवर हे खोकं जेमतेम एक वर्ष चालेल. डिस्क 6 टीबीच्या घ्या. बजेट बसत नसेल तर 4 टीबीच्याच घ्या, पण शेअरची मांडणी बदला. ती कशी, ते पुढे येईलच. यापुढे टीबी-जीबी म्हणेन ते 1024 च्या हिशोबातले, म्हणजे विंडोज दाखवतं तसे. डिस्कच्या खोक्यावर छापलेला आकडा तेवढा 1000 च्या हिशोबाचा.

हे 20 टक्के आले कुठून? नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या जुन्या मशीनवर नव्या व्हॉल्यूममध्ये 20 टक्के जागा स्नॅपशॉटसाठी आपोआप राखीव असायची. तिच्या आजच्या ऑनटॅप या प्रणालीमध्ये तीच सोय 5 टक्क्यांवर येते. विंडोजच्या शॅडो कॉपीला, म्हणजे त्याच्या स्नॅपशॉटला, 10 टक्क्यांची मर्यादा आयती असते. तीन आकडे, आणि तिन्ही कुणाचाही डेटा न बघता ठरवलेले. नवीन मशीन सुरू व्हायला काहीतरी आकडा लागतो म्हणून ते आहेत, एवढंच. शिवाय 20 टक्के कशाचे, हे विकणाऱ्याला विचारा. डेटाचे धरले तर 1.8 टीबी होतात, पूलचे (सगळ्या डिस्क मिळून होणाऱ्या जागेचे) धरले तर 4.1. दोन्हींत दुपटीहून जास्त फरक आहे.

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी तो जवळपास शून्य जागा घेतो. नंतर जो ब्लॉक (फाइलचा डिस्कवरचा तुकडा) बदलला किंवा उडवला जातो त्याची जुनी प्रत स्नॅपशॉट धरून ठेवतो, आणि तेवढीच जागा त्याच्या नावावर चढते. त्यामुळे नव्याने टाकलेली फाइल स्नॅपशॉटला महाग पडत नाही, ती डेटाची वाढ. महाग पडतं ते ओव्हररायटिंग आणि डिलीट. 9 टीबीतला 8 टीबी जुन्या प्रोजेक्टचा असेल आणि त्याला कुणी हातच लावत नसेल, तर त्याचे स्नॅपशॉट तीन महिने काय, तीन वर्षं ठेवा, फुकट आहेत.

म्हणून डेटा किती यापेक्षा रोजची उलथापालथ किती हा प्रश्न आधी सोडवायचा. आणि इथे प्रोग्रॅम फाइल कशी सेव्ह करतो यावर बरंच अवलंबून आहे. एक्सेल जुन्या फाइलमध्ये दुरुस्ती करत नाही. नवी तात्पुरती फाइल लिहितो, मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. एक सेल बदलला तरी सर्व्हरच्या दृष्टीने अख्खी फाइल नवी आणि अख्खी जुनी मेलेली. कॅडची मोठी असेंब्ली सेव्ह करताना तिच्यासोबत डझनभर पार्ट फाइल पुन्हा लिहिल्या जातात, त्याही पूर्ण. जिथे फाइल जागच्या जागी बदलते, उदाहरणार्थ डेटाबेस किंवा आउटलुकची पीएसटी, तिथे दुसरी गंमत: झेडएफएसमध्ये रेकॉर्डसाइज आयती 128 केबी असते, त्यामुळे 4 केबीचा बदल झाला तरी 128 केबीचा पूर्ण रेकॉर्ड नव्याने लिहिला जातो आणि जुना स्नॅपशॉटकडे जातो. पीएसटी नेटवर्क शेअरवर ठेवणं मायक्रोसॉफ्टला मुळातच मान्य नाही, तेव्हा त्या तिथून हलवाच.

सगळ्यात मोठा खादाड मात्र बहुतेक ऑफिसांत एकच असतो: रात्री त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये पडणारा बॅकअप. ईआरपीच्या डेटाबेसचा 40 जीबीचा कॉम्प्रेस्ड डंप रोज जुन्यावर लिहिला जात असेल, तर फोल्डरमध्ये कायम एकच 40 जीबीची फाइल दिसते. तीस दिवसांचे स्नॅपशॉट मात्र तीस वेगवेगळ्या प्रती धरतात, म्हणजे 1,200 जीबी. टॅलीचा बॅकअप त्याच शेअरवर घेणाऱ्यांचंही हेच होतं, फक्त आकडा लहान. बॅकअपचा स्नॅपशॉट घेण्यात तसाही अर्थ कमीच.

आता मोजणी. नवा सर्व्हर यायच्या आधी जुन्या विंडोजवरच ती करता येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडला /एल दिलं तर तो काहीही कॉपी न करता फक्त यादी आणि शेवटी एकूण बाइट देतो. त्याला /एस (आतली फोल्डरंही) आणि /मॅक्सएज:1 (गेल्या एका दिवसात बदललेल्याच फाइली) जोडा, डेस्टिनेशन म्हणून कुठलंही रिकामं फोल्डर द्या, आणि /एनएफएल /एनडीएल लावून फाइलींची लांबलचक यादी बंद करा. रोज रात्री ठरावीक वेळी टास्क शेड्युलरमधून चालवा आणि शेवटचा तक्ता एका टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. एक पूर्ण आठवडा झाला की त्याच रात्री /मॅक्सएज:7 ने पुन्हा चालवा.

हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी काढत नाही. सहा दिवसांचे रोजचे आकडे मिळवले तर समजा 420 जीबी होतात, पण /मॅक्सएज:7 ला 250 जीबीच दिसतात, कारण तीच असेंब्ली सोमवारी, मंगळवारी आणि शनिवारीही सेव्ह झालेली असते. रोजच्या स्नॅपशॉटला यातली प्रत्येक प्रत वेगळी सांभाळावी लागते, आठवड्याच्या स्नॅपशॉटला एकच. म्हणून रोजच्यांचा आणि आठवड्याच्यांचा हिशोब वेगवेगळ्या आकड्यांनी करायचा. एकाच आकड्याने सगळं गुणलं तर उत्तर फुगतं, आणि मग माणूस घाबरून स्नॅपशॉट कमी करतो.

रोबोकॉपीची ही पद्धत दोन ठिकाणी चुकते. डिलीट झालेलं तिला दिसत नाही. आणि फाइल थोडीशीच बदलली असेल तरी ती पूर्ण मोजते. तुमच्यासारख्या ऑफिसात फाइली तशाही पूर्णच लिहिल्या जातात, तेव्हा दुसरी चूक फारशी नडत नाही. पहिलीसाठी वेगळी तरतूद ठेवू.

रोजचा आकडा तुम्ही 70 जीबी दिलाय. आठवड्याचा दिलेला नाही, तो मी वरचाच, 250 धरतो. तुम्ही मोजून खरा घाला. वर्षाला 2 टीबी वाढ म्हणजे कामाच्या दिवसाला सुमारे 7 जीबी निव्वळ नवा डेटा. तो वजा केला की दिवसाला 63 जीबी जुने ब्लॉक मरतात, आणि आठवड्याला 250 वजा 42, म्हणजे 208.

रोजचे स्नॅपशॉट 30 दिवस ठेवले, त्यात कामाचे दिवस 26: 63 गुणिले 26, साधारण 1.6 टीबी. तीन महिने पुरे करायला त्यामागे आणखी 9 आठवडे: 208 गुणिले 9, साधारण 1.8 टीबी. तासाचे स्नॅपशॉट दोन दिवस ठेवायचे. दिवसभरात तीच फाइल पाच-सात वेळा सेव्ह होते, म्हणून दिवसाच्या 63 वर आणखी 75-80 जीबी धरा, दोन दिवसांचे 150 जीबी. सगळं मिळून 3.6 टीबी.

इथपर्यंत विकणाऱ्याचे 4.1 टीबी पुरताना दिसतात. अडतं ते पुढे. वर्षातून एकदा कुणीतरी जुने प्रोजेक्ट दुसरीकडे हलवून जागा साफ करतो. दीड टीबी उडवलं, तर ते दीड टीबी लगेच सुटत नाही. आठवड्याचा शेवटचा जुना स्नॅपशॉट मुदत संपून जाईपर्यंत, म्हणजे तीन महिने, ते तसंच स्नॅपशॉटच्या खात्यावर बसून राहतं. "एवढं डिलीट केलं तरी जागा वाढत कशी नाही" या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा हेच असतं. सांबाचा (विंडोजला शेअर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) रिसायकल बिन चालू असेल तर आणखी वाईट: समजा बिन 30 दिवसांनी साफ करायची व्यवस्था तुम्ही लावली आहे, तर त्यानंतर स्नॅपशॉटची मुदत सुरू होते. जागा परत मिळायला चार महिने. म्हणून एका मोठ्या साफसफाईची तरतूद वेगळी धरायची. इथे दीड टीबी धरली, एकूण 5.1 टीबी.

याचाच एक भाऊबंद आहे. एका डेटासेटमधून (पूलमधला स्वतंत्र विभाग) दुसऱ्यात फोल्डर हलवलं तर आतून ते कॉपी अधिक डिलीट असतं. नव्या ठिकाणी पूर्ण जागा लागते आणि जुन्या ठिकाणची स्नॅपशॉट धरून ठेवतो, काही महिने दुप्पट. एकाच डेटासेटच्या आत हलवाहलव केली तर फक्त नोंद बदलते, खर्च नगण्य. तेव्हा डेटासेटची विभागणी पहिल्याच दिवशी, डेटा भरायच्या आधी करा. नंतर "जरा नीट लावू" म्हणून हलवायला घेतलं की महिन्याभरात पूल काठोकाठ.

आता पूलमध्ये खरोखर किती मावतं. 8 गुणिले 4 टीबी म्हणजे 1024 च्या हिशोबात 29.1 टीबी कच्चे, आणि झेडपूल लिस्ट हाच आकडा दाखवते. विकणारा सांगतो, दोन डिस्क पॅरिटीच्या (डिस्क गेली तर डेटा पुन्हा उभा करायच्या माहितीच्या), सहाची जागा तुमची, म्हणजे 21.8. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही. 128 केबीच्या रेकॉर्डचे 4 केबीचे 32 सेक्टर होतात. ते सहा-सहाच्या ओळींत बसवले तर सहा ओळी, प्रत्येक ओळीला दोन पॅरिटी, म्हणजे आणखी 12, एकूण 44. रेडझेड2 मध्ये वाटप तीनच्या पटीत करावं लागतं, म्हणून 45. 32 भागिले 45, म्हणजे 71 टक्के, 75 नव्हे. 29.1 चे 71 टक्के साधारण 20.7, त्यातून झेडएफएस स्वतःच्या निकडीसाठी थोडी जागा बाजूला ठेवतं. हातात राहतात सुमारे 20.5 टीबी. झेडएफएस लिस्ट याच्याच आसपासचा आकडा दाखवेल.

पूल 80 टक्क्यांच्या वर नेऊ नये असा रिवाज आहे. ती काही भिंत नव्हे, 81 ला काही कोसळत नाही. पण त्यापुढे मोकळ्या जागेचे तुकडे लहान होत जातात आणि लिखाण हळूहळू मंदावतं, आणि अनपेक्षित काही घडलं तर हात हलवायला जागा उरत नाही. 20.5 चे 80 टक्के म्हणजे 16.4.

पहिल्या दिवशी 9 अधिक 5.1, 14.1 टीबी. ठीक. वर्षअखेर 11 अधिक 5.1, 16.1. काठावर. दुसऱ्या वर्षात रेषा ओलांडली. इथे स्नॅपशॉटचा आकडा मी मुद्दाम वाढवला नाही, कारण उलथापालथ माणसांच्या संख्येबरोबर वाढते, साठलेल्या जुन्या डेटाबरोबर नाही. भरती करणार असाल तर त्या प्रमाणात वाढवा. 6 टीबीच्या डिस्क घेतल्या तर हातात सुमारे 30.9 टीबी येतात, 80 टक्के म्हणजे 24.7. तिसऱ्या वर्षअखेर गरज 15 अधिक 5.1, 20.1. चार-साडेचार टीबी मोकळे राहतात, ते मी जास्तीचे मानत नाही. मोजमापातली चूक त्यातच जिरवायची आहे.

4 टीबीवरच भागवायचं असेल तर डेटासेट फोडा. चालू आणि जुने प्रोजेक्ट एकात. ॲनालिसिस आणि सिम्युलेशनचे निकाल दुसऱ्यात. अॅन्सिसच्या आरएसटी फाइलींसारख्या या प्रचंड असतात, पण मूळ मॉडेल हाताशी असलं की पुन्हा काढता येतात. रात्रीचे डंप आणि बॅकअप तिसऱ्यात, आणि स्कॅन, तात्पुरतं, "देवाणघेवाण" नावाचं जे फोल्डर प्रत्येक ऑफिसात असतंच, ते चौथ्यात. पहिल्याला पूर्ण तीन महिने, दुसऱ्याला रोजचे सात, तिसऱ्याला तीन, चौथ्याला काहीच नाही. 70 जीबीतला निम्मा भार सिम्युलेशन आणि डंपचा निघाला, आणि तो निघण्याची शक्यता दाट आहे, तर 3.6 चे 1.8 च्या आसपास होतात आणि त्याच डिस्कवर दुसरं वर्षही निघतं. मात्र ट्रूनॅसमध्ये वरच्या डेटासेटवर रिकर्सिव्ह स्नॅपशॉट टास्क लावला तर खालचे सगळे त्यात ओढले जातात, उद्या नवा तयार केलेलाही. नको असलेले एक्सक्लूडमध्ये नावानिशी टाका.

झेडएफएसमध्ये नेटॲपसारखी स्नॅपशॉटची राखीव जागा नसते. तिचं काम दोन मर्यादांतल्या फरकाने करून घ्यायचं. कोटा स्नॅपशॉटसकट मोजतो, रेफकोटा फक्त आजचा जिवंत डेटा. नुसता कोटा लावला तर स्नॅपशॉट फुगले की वापरणाऱ्याला "डिस्क फुल" येतं, तो फाइली उडवतो, त्या स्नॅपशॉटमध्ये जातात आणि डिस्क फुलच राहते. प्रोजेक्टच्या डेटासेटला रेफकोटा 10.5 टीबी आणि कोटा 15 टीबी दिला, तर लोकांना 10.5 चीच भिंत दिसते आणि मधले साडेचार स्नॅपशॉटला मिळतात. रेफरिझर्व्हेशन (जिवंत डेटासाठी आधीच राखून ठेवलेली जागा) मात्र शेअरवर लावू नका. ते लावलं की प्रत्येक स्नॅपशॉटच्या वेळी झेडएफएस त्या डेटासेटच्या सगळ्या जिवंत डेटाइतकी जागा राखीव जागेबाहेर मोकळी आहे का ते बघतं. नसेल तर स्नॅपशॉटच होत नाही, आणि मेलवरचा अलर्ट कुणी वाचत नसेल तर ते महिनाभर कळत नाही. आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून डिस्क देण्यासाठी) झेडव्हॉल (पूलमधली आभासी डिस्क) पूर्ण राखीव करून केला असेल तिथेही हाच नियम लागतो, म्हणून असल्या झेडव्हॉलचा पहिला स्नॅपशॉट घेताना त्यातल्या डेटाएवढी जागा अचानक कमी झालेली दिसते.

एक रिकामा डेटासेट करा, नाव काहीही, त्याला 300 जीबी रिझर्व्हेशन द्या आणि विसरून जा. पूल भरला की ते रिझर्व्हेशन काढायचं, 300 जीबी श्वास मिळतो. पूर्ण भरलेल्या झेडएफएसवर डिलीट करायलाही थोडी मोकळी जागा लागते, कारण नोंदी जागच्या जागी खोडल्या जात नाहीत, नव्या लिहाव्या लागतात.

चालू झाल्यावर बघायचं कुठे? झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस या कमांडमध्ये युज्डस्नॅप हा रकाना खरा. एकेका स्नॅपशॉटसमोर दिसणारा युज्ड हा आकडा फसवा असतो. त्यात फक्त त्या एकाच स्नॅपशॉटमध्ये असलेले ब्लॉक मोजले जातात. दोघांत सामायिक असलेला ब्लॉक दोघांच्याही आकड्यात येत नाही. म्हणून तीस स्नॅपशॉटसमोर प्रत्येकी दोन-तीन जीबी दिसतात, बेरीज शंभरच्या आत, आणि युज्डस्नॅप म्हणतो 1.6 टीबी. दोन्ही बरोबर आहेत. सर्वात "जड" दिसणारा एक उडवला की शेजारच्याचा आकडा अचानक वाढतो, तेही याचमुळे. काही पुसण्याआधी झेडएफएस डिस्ट्रॉयला -एनव्ही लावून, पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटच्या नावांमध्ये टक्क्याचं चिन्ह देऊन चालवा. काहीही न पुसता तो सगळा पट्टा गेला तर किती जागा सुटेल ते सांगतो. रोजच्या उलथापालथीसाठी रिटन ही प्रॉपर्टी आहे. शेवटच्या स्नॅपशॉटनंतर किती लिहिलं गेलं ते ती दाखवते; मध्ये तासाचे स्नॅपशॉट येतात, म्हणून दिवसाच्या आकड्यासाठी रिटन@ च्या पुढे कालच्या रोजच्या स्नॅपशॉटचं नाव द्या. हे दोन आकडे, युज्डबायस्नॅपशॉट्स (युज्डस्नॅपचंच पूर्ण नाव) आणि रिटन, रोज रात्रीच्या स्नॅपशॉटच्या आधी एका सीएसव्हीत टाका.

पूल भरलाच तर क्रम असा ठेवा. लोकांना फाइली उडवायला सांगू नका, त्याने काही सुटत नाही. राखीव डेटासेटचं रिझर्व्हेशन काढा. युज्डस्नॅप कुठल्या डेटासेटचा फुगलाय ते बघा. -एनव्हीने अंदाज घेऊन जुन्याकडून पुसत या. पुसलेली जागा तत्क्षणी दिसली नाही तर घाबरू नका, झेडएफएस ती मागे सावकाश सोडतं, आणि पूलच्या फ्रीइंग प्रॉपर्टीत किती बाकी आहे ते दिसतं. स्नॅपशॉट पुसलाच जात नसेल तर त्यावर होल्ड (पुसू न देणारी खूण) किंवा त्यातून काढलेला क्लोन (लिहिता येणारी प्रत) असतो.

रॅन्समवेअरचा हिशोब निराळा आहे. सगळा डेटा एन्क्रिप्ट झाला तर जुन्याची पूर्ण प्रत स्नॅपशॉटमध्ये राहते, म्हणजे 9 टीबीला आणखी 9 टीबी. एवढी जागा त्यासाठी राखून ठेवायची गरज नाही. वर दिलेला कोटा इथे उपयोगी पडतो: साडेचार-पाच टीबी एन्क्रिप्ट झालं की कोटा भरतो आणि पुढचं लिखाण थांबतं. ऑफिस बंद पडेल, पण जुने स्नॅपशॉट जसेच्या तसे राहतील. उलट "जागा कमी पडली की जुने स्नॅपशॉट आपोआप पुसा" अशी सोय किंवा स्क्रिप्ट चालू असेल, तर हल्ला जसजसा पुढे सरकतो तसतसे नेमके हवे असलेले स्नॅपशॉट पुसले जातात. विंडोजच्या शॅडो कॉपीत हे आपोआपच घडतं: मर्यादा आली की सर्वात जुनी कॉपी बिनबोभाट जाते. ऑनटॅपवर ऑटोडिलीट चालू करण्याआधी याचा विचार करा. माझं मत विचाराल तर चालू डेटाच्या शेअरवर ते बंदच बरं; त्याऐवजी तासाभरात रिटन 30 जीबीच्या वर गेलं तर फोनवर अलर्ट येऊ द्या. रोजचे 70 असताना तासाला 30 ही एकतर कुणाची तरी मोठी कॉपी असते किंवा आग.

वेळापत्रकात आपल्या भागाचा विचार करा. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असेल तर आठवड्याचा स्नॅपशॉट रविवारी मध्यरात्री कशाला, बुधवारी रात्री काम संपल्यावर घ्या. आठवड्याचं काम पूर्ण असलेली प्रत तीच. गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी जाते आणि यूपीएस सर्व्हर बंद करतो, तेवढ्या काळातले तासाचे स्नॅपशॉट होत नाहीत, नंतर भरूनही काढले जात नाहीत. त्याने नुकसान काही नाही. तासाचे सकाळी 8 ते रात्री 9 एवढेच ठेवा, रात्री रिकाम्या ऑफिसचे फोटो काढण्यात अर्थ नाही. जुना विंडोज सर्व्हर अजून वर्षभर चालणार असेल तर त्याचंही वेळापत्रक तपासा: शॅडो कॉपी आयती सोमवार ते शुक्रवार सकाळी 7 आणि दुपारी 12 अशी लागलेली असते. शनिवारी अख्खं ऑफिस कामावर आणि कॉपी एकही नाही. शिवाय तिथे एका व्हॉल्यूमवर 64 च्या पुढे शेअरच्या कॉपी राहत नाहीत, आणि व्हॉल्यूमचं ॲलोकेशन युनिट 16 केबीपेक्षा लहान असताना डिफ्रॅग चालला तर डेटा न बदलताही कॉपीची जागा भरते.

लिनक्सवर साधा एलव्हीएम (डिस्कची जागा विभागणारी सोय) स्नॅपशॉट वापरून हेच करायचा विचार असेल तर सोडून द्या. जुन्या धाटणीच्या एलव्हीएममध्ये स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉटच निकामी होतो, मूळ व्हॉल्यूम चालू राहतो. आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण तिचा उंबरठा मुळात 100 वर, म्हणजे बंद असतो. बॅकअप घेण्यापुरता तासाभरासाठी ठीक, तीन महिन्यांसाठी नाही. बीटीआरएफएसवर (लिनक्सची आणखी एक फाइल सिस्टीम) वरचा हिशोब तसाच लागू पडतो, फक्त तिथे डीफ्रॅगमेंट चालवू नका. स्नॅपशॉटशी सामायिक असलेले ब्लॉक सुटे होतात आणि जागा दुप्पट लागते.

दुसऱ्या ठिकाणी, समजा कोथरूडच्या ऑफिसात, रेप्लिकेशन (स्नॅपशॉट दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं) करणार असाल तर एक जागा त्यासाठीही धरा. इन्क्रिमेंटल पाठवायला दोन्ही बाजूंना एक सामायिक स्नॅपशॉट लागतो. रस्ता खोदताना फायबर तुटला आणि लाइन तीन आठवडे बंद राहिली, तर तो सामायिक स्नॅपशॉट इकडे मुदत संपून गेलेला नसावा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून 9 टीबी पाठवा. म्हणून रेप्लिकेशन फक्त तासाच्या स्नॅपशॉटवर बांधू नका, रोजच्यांवर बांधा. 70 जीबी 50 एमबीपीएसच्या अपलोडवर साडेतीन तासांत जातात, रात्रीत सहज मावतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. डेटासेटवर एटाइम (फाइल शेवटची कधी वाचली ती नोंद) बंद करा. लाखो लहान फाइलींवर रोज अँटीव्हायरस फिरला की नुसत्या वाचण्यानेही नोंदी बदलतात आणि स्नॅपशॉटमध्ये साचतात. आणि ट्रूनॅसऐवजी हाताने सांबा बसवणार असाल तर शॅडोकॉपी2 मॉड्यूल स्नॅपशॉटच्या नावातली वेळ जीएमटी समजतं. नावं भारतीय वेळेने पडत असतील तर शॅडो:लोकलटाइम येस लिहा, नाहीतर प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये प्रत्येक प्रत साडेपाच तास पुढची दिसेल आणि लोक चुकीची प्रत उचलतील.

पहिले सहा आठवडे मुदत मुद्दाम आखूड ठेवा, रोजचे 14 आणि आठवड्याचे 4. सीएसव्हीतले आकडे माझ्या 63 आणि 208 शी ताडून बघा. आठवड्याचा खरा आकडा 300 च्या वर निघाला तर 9 आठवड्यांचे 6 करा किंवा सिम्युलेशनचं फोल्डर अजून मुख्य डेटासेटमध्येच पडलंय का ते आधी शोधा. मुदत नंतर वाढवता येते. मात्र पुसून गेलेले परत येत नाहीत, तेव्हा तीन महिने मागे जाण्याची सोय वाढवल्या दिवशी लगेच मिळणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा.